ठाण्याची खाडी आणि रोहित पक्षी

मुंबईचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा सात बेटांपासून प्रारंभ करतो. बिंबराजा येतो, पोर्तुगीज येतात, इंग्रजांच्या राजाला हे बेट आंदणात मिळते, आणि मग गोद्या, गिरण्या, आगगाडी अशी ती कथा पायरीपायरीने वर चढत जाते. या कथेत समुद्र असतो, पण तो मागे हटविण्यापुरता. जेथे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल अशी भूमी होती, तिच्याविषयी इतिहासकार 'येथे भरणी करण्यात आली' एवढे एक वाक्य लिहितो आणि पुढे निघून जातो. आम्हांला आज त्या वाक्यापाशी थोडे थांबावयाचे आहे. त्या चिखलावर कोण जगत होते, तो बुजल्यावर दुसरीकडे नवा चिखल कसा साठला आणि त्यावर कोण उतरले, हा सुद्धा इतिहासच आहे; फक्त त्याचे कागदपत्र दप्तरखान्यात सापडत नाहीत, ते गाळात शोधावे लागतात.

या कामी वाटाड्या म्हणून आम्ही एक पक्षी घेतला आहे. त्याला आपल्याकडे रोहित म्हणतात, कोणी अग्निपंख म्हणतात, गुजरातेत त्याला सुरखाब हे नाव आहे. आजकालची शाळकरी मुले त्याला सरळ फ्लेमिंगो म्हणतात. आपली ही व्याख्यानमाला वसंतात भरते आणि याच दिवसांत हे पक्षी ठाण्याच्या खाडीत लाखाच्या घरात असतात. कार्तिकाच्या सुमारास येऊ लागतात, पावसाळा तोंडावर आला की बहुतेक निघून जातात. त्यांच्या दोन जाती आपल्या देशात आहेत. मोठा रोहित उंच, पांढुरका, चार-साडेचार फुटांचा; धाकटा रोहित त्याहून बराच ठेंगणा आणि अधिक गुलाबी. ठाण्याच्या खाडीत भरणा धाकट्यांचाच असतो. लांब पाय, लांब मान आणि मध्येच मोडल्यासारखी वाकडी चोच. ही चोच तो उलटी करून पाण्यात घालतो, जिभेच्या दट्ट्याने पाणी आत ओढून पुन्हा बाहेर लोटतो, आणि चोचीच्या आतील बारीक झालरीत जे अडकेल ते गिळतो. मोठ्या रोहिताच्या झालरीत कोळंबीसारखे बारीक कवचधारी जीव आणि किडे सापडतात. धाकट्याची झालर इतकी बारीक की तिच्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे शेवाळ अडकते. त्या शेवाळातील रंगद्रव्यच पिसांत उतरते आणि पक्षी गुलाबी होतो. त्याचा रंग म्हणजे त्याच्या जेवणाचा पुरावा, असे म्हटले तरी चालेल.

या खाण्याच्या रीतीत त्याच्या साऱ्या भ्रमंतीचे मूळ आहे. त्याला पाणी हवे, पण वीत-दीड वीत, फार तर गुडघाभर. पाणी खारट किंवा मचूळ हवे, तळाशी मऊ गाळ हवा, आणि आजूबाजूला कोल्ह्याकुत्र्यांना सहज येता येणार नाही अशी उघडी जागा हवी. असे ठिकाण जगात कोठेही फार दिवस एकसारखे टिकत नाही. पाऊस जास्त झाला की ते खोल होते, कमी झाला की आटते, नदीने वळण घेतले की गोडे होते. म्हणून रोहिताचे येणे-जाणे इतर प्रवासी पक्ष्यांसारखे ठरीव नसते. सैबेरियातून येणारे छोटे तुतवार वर्षानुवर्षे त्याच वाटेने येतात व त्याच वाटेने परत जातात. रोहित हा मात्र भटक्या जमातीचा. जेथे वीतभर खारे पाणी, तेथे त्याचा मुक्काम.

ठाण्याला येणारे हे थवे येतात कोठून? त्यांतले पुष्कळसे गुजरातेतून, आणि त्यांचे मूळ घर शोधीत गेले तर आपण कच्छच्या रणात जाऊन पोहोचतो. तेव्हा खाडीकडे वळण्यापूर्वी रणाची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. तीत आपल्या विषयाचा अर्धा भाग येऊन जातो.

रण ही भूमी आहे की पाणी, याचे उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात ते मिठाने पांढरे फटफटीत वाळवंट असते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्राचे पाणी कोरी खाडीकडून आत लोटतो, उत्तरेकडून व पूर्वेकडून लहानमोठ्या नद्यांचे पाणी येऊन मिळते, आणि शेकडो चौरस मैलांवर हातभर पाण्याची एक चादर पसरते. फार पूर्वी येथे समुद्राचा फाटाच होता. पच्छम, खडीर, बेला यांना कच्छी लोक अजून बेट म्हणतात ते उगाच नव्हे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे धोळावीरा हे नगर त्या खडीर बेटावर आहे. आज तेथे उभे राहिले तर चारी बाजूंना कोरडे रण दिसते.

समुद्राचा फाटा गाळाने भरत जाणे हे काम शतकांचे. परंतु किनारा एका संध्याकाळीतही बदलू शकतो. १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला. भुजेत शेकडो माणसे दगावली. दूर अहमदाबादेत जुम्मा मशिदीचे प्रसिद्ध झुलते मिनार कोसळले. रणाच्या वायव्य भागात सिंधू नदीच्या एका जुन्या पूर्वेकडील फाट्यावर सिंद्री नावाचा लहानसा किल्ला व जकातीचे नाके होते. तेथील जमीन खचली, समुद्राचे पाणी आत घुसले, आणि नाक्यावरची माणसे बुरुजावर चढून कशीबशी वाचली. त्याच वेळी सिंद्रीच्या उत्तरेला पन्नास मैलांहून अधिक लांबीचा, कोठे दहा तर कोठे वीस फूट उंचीचा मातीचा एक उंचवटा सपाट भूमीतून वर आला. माणसांनी बांधलेल्या बंधाऱ्यांशी त्या लोकांचा परिचय होता. हा कोणी बांधलेला नव्हता, म्हणून त्यांनी त्याला नाव दिले 'अल्लाबंद'. सिंधूचे पाणी कच्छकडे येण्याच्या वाटेवर तो आडवा उभा राहिला. १८२६ साली सिंधूला मोठा पूर आला तेव्हा त्या पाण्याने हा बांध एके ठिकाणी फोडला. पुढे दीड-दोन वर्षांत अलेक्झांडर बर्न्स हा इंग्रज अधिकारी तेथे जाऊन आला, आणि त्याच्या वृत्तांतावरून चार्ल्स लायेल या भूगर्भशास्त्रज्ञाने ही हकीकत आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात घातली. सिंद्रीच्या किल्ल्याचे चित्र त्यायोगे युरोपातील विद्वानांच्या टेबलावर गेले. जमीन वर येते व खाली जाते, हे त्यांना एरवी कोट्यवधी वर्षांच्या खडकांवरून अनुमानाने सांगावे लागत असे. येथे ती गोष्ट जिवंत माणसांच्या डोळ्यांदेखत घडली होती.

येथे एक गोष्ट जोडली पाहिजे. सिंधूचे पाणी कच्छकडे येण्याचे थांबले ते केवळ भूकंपाने नव्हे. त्याआधी अर्धशतक, १७६२ साली झारा येथे कच्छ व सिंध यांच्यात मोठी लढाई झाली होती, आणि तिच्यानंतर सिंधच्या कल्होडा राज्यकर्त्यांनी नदीच्या त्या फाट्यावर बांध घालून पाणी अडविण्यास आरंभ केला होता. कच्छच्या बाजूची भातशेती त्याने बुडाली. लखपत बंदराचे वैभव पुढे उतरणीला लागले. माणसाने जे अर्धे केले होते ते भूकंपाने पुरे केले, एवढेच. किनारा बदलणाऱ्या या दोन हातांची नावे इतिहासात निरनिराळ्या पानांवर लिहिली जातात. पाण्याच्या दृष्टीने त्यांच्यात भेद नसतो.

अशा या धड समुद्र नव्हे धड जमीन नव्हे अशा भूमीत रोहितांची वसाहत आहे. कच्छचे महाराव खेंगारजी यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती पक्षिशास्त्रज्ञांच्या नोंदीत आली. नंतर कच्छ दरबारच्या निमंत्रणावरून सालीम अलींनी तेथील पक्ष्यांची पाहणी केली. त्यांचा कच्छच्या पक्ष्यांवरील ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते या वसाहतीत गेले, तेव्हा तेथे एक लाखाच्या घरात घरटी असल्याचा अंदाज त्यांनी केला. या जागेला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणतात, आणि ते नाव मुळीच अतिशयोक्तीचे नाही. रोहिताचे घरटे म्हणजे चिखलाचा बुटका बुरूज, वर बशीसारखा खळगा, त्यात एकच अंडे. असे बुरूज हाताच्या अंतरावर एकाला एक लागून रणात पसरलेले असतात. नर व मादी दोघेही अंडे उबवितात, आणि पिलाला आपल्या घशातून पाझरणारा लालसर रस पाजतात. पिलाची चोच जन्मतः सरळ असते; ती वाकडी व्हावयास काही आठवडे जातात, आणि तोवर त्याला स्वतःचे अन्न गाळून खाता येत नाही. पाणी लवकर आटले तर सारी वसाहत धोक्यात. म्हणून पाऊस मनासारखा झाला नाही त्या वर्षी हे पक्षी तेथे वीण करीतच नाहीत. ज्या वर्षी करतात त्या वर्षी रण सुकू लागले की लाखो पक्षी वीतभर पाण्याच्या शोधात बाहेर पडतात. प्रवास बहुधा रात्रीचा.

आता मुंबईकडे येऊ. गेल्या अडीचशे वर्षांत या किनाऱ्यावर एकही भूकंप झाला नसता तरी येथे अल्लाबंदाच्या तोडीचे फेरफार झाले असते, कारण ते माणसांनीच केले. महालक्ष्मी व वरळी यांच्यामधून समुद्र आत शिरत असे, तेथे हॉर्नबी गव्हर्नराच्या कारकीर्दीत, १७८४ च्या सुमारास, बांध घातला गेला. बांध पुनःपुन्हा ढासळू लागला तेव्हा रामजी शिवजी या प्रभू गृहस्थास देवीने स्वप्नात दृष्टान्त दिला, त्याने पाण्यातून मूर्ती वर काढली आणि मगच बांध उभा राहिला, ही दंतकथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली असेल. कंत्राटदारांच्या इतिहासात देवीला इतका मान क्वचितच मिळाला आहे. असो. पुढे १८०३ च्या सुमारास शीवचा रस्ता झाला, १८३८ साली कुलाब्याचा, १८४५ साली माहीमचा. या रस्त्यांना आपण दळणवळणाच्या सोयी म्हणतो, आणि त्या तशा आहेतच. पण खाडीच्या मुखावर घातलेला प्रत्येक रस्ता हा बांधही असतो. त्याच्या आतल्या बाजूस भरतीचा जोर कमी होतो, पाणी मंदावते, आणि मंद पाणी आपल्या अंगावरचा गाळ खाली टाकते. आतल्या खाडीचे खाजण होते, खाजणाचे मिठागर होते, मिठागराची चाळ होते. मुंबईच्या निम्म्या उपनगरांची वंशावळ ही आहे.

खाजण हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. इंग्रजांच्या आधीही आपला किनारा अस्पर्श नव्हता. उत्तर कोकणात खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे आणि आत खारी भातशेती करायची, ही विद्या फार जुनी आहे. असे बांध राखणाऱ्यांना शिलोत्रीदार म्हणत; स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई सरकारने त्यासाठी खारजमिनींचा कायदाच केला. आणि जेथे पाणी बाहेर न ठेवता मोजून आत घ्यायचे, तेथे मिठागर. आगरी समाजाच्या नावातच आगर आहे. मिठागरवाला भरतीचे पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत सोडीत नेतो, आणि प्रत्येक कोंडीत ते वीत-अर्धी वीत उथळ व अधिकाधिक खारट होत जाते. आता रोहिताला काय लागते ते आठवून पाहावे. रणात निसर्ग जे वर्षातून एकदा करतो, ते मिठागरात माणूस पिढ्यान्‌पिढ्या दर हंगामात करीत आला आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

मुंबईच्या भरण्यांपैकी पश्चिमेच्या बाजूची हकीकत सर्वांना ठाऊक असते, कारण तेथे पैसा व गाजावाजा दोन्ही झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी कापसाच्या तेजीत बॅकबेच्या कंपनीचे भाग आकाशाला भिडले आणि १८६५ साली धाडकन खाली आले. १९२० नंतर त्याच बॅकबेच्या कामावर सरकारने इतके पैसे पाण्यात घातले की वीर नरीमनांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणले. पूर्वेची बाजू मात्र कधी वर्तमानपत्रांचा विषय झाली नाही. शहराने आपले तोंड पश्चिमेला ठेवले आणि पाठ पूर्वेला. मझगाव ते शिवडी ही बंदराची मोठी भरणी १९०८ ते १९१२ या काळात झाली. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा जाऊ लागला. तुर्भ्याला १९५४-५५ साली तेलशुद्धीचे कारखाने निघाले. पलीकडच्या तीरावर ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० नंतर रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली, १९७० नंतर नवी मुंबई वसू लागली, १९७३ साली वाशीचा पूल झाला. एवढे सारे ज्या पाण्याच्या दोन्ही काठांना झाले, ते पाणी म्हणजे ठाण्याची खाडी: सुमारे सव्वीस किलोमीटर लांब, ठाण्यापाशी उल्हास नदीच्या मुखाशी एका चिंचोळ्या ओहोळाने जोडलेली, आणि दक्षिणेस मुंबई बंदरात उघडणारी. मराठ्यांनी १७३७ साली साष्टी घेतली तेव्हा त्यांच्या होड्या याच पाण्यावरून गेल्या. १८५४ साली कल्याणकडे निघालेली आगगाडी हीच खाडी ओलांडून गेली.

खाडी अरुंद झाली, पाणी संथ झाले, गाळ साठला, आणि त्यात लाखो माणसांच्या घरांतील सांडपाणी मिसळत राहिले. काठच्या कोळ्यांनी याची झळ सर्वांत आधी सोसली. जाळ्यात मासळी कमी आणि कचरा जास्त येऊ लागला; कित्येक कुटुंबांनी होडी विकून नोकरी धरली. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर पाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस यांचा भार वाढला, त्यावर सूक्ष्म शेवाळ माजले, आणि ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होऊ लागला. मासे गेले.

आणि रोहित आले. १९९० नंतरच्या दशकात शिवडीच्या चिखलावर त्यांचे मोठे थवे दिसू लागले, आणि दरसाल येऊ लागले. मुंबईतील नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अलीकडच्या गणतीत काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या वर गेली आहे. ज्या शेवाळाने मासळीचा श्वास कोंडला, तेच धाकट्या रोहिताचे पक्वान्न. वर्तमानपत्रांनी या पाहुण्यांचे कौतुक केले, लोक शिवडीच्या धक्क्यावर दुर्बिणी घेऊन जाऊ लागले, आणि पक्षी आले त्या अर्थी खाडी निरोगी असली पाहिजे, असा समज पसरला. हा समज आम्हांला घातक वाटतो. रोहित खाडीची प्रकृती उत्तम आहे असे सांगत नाही. येथे उथळ पाणी, गाळ व शेवाळ आहे, इतकेच सांगतो. त्याच गाळात कारखान्यांतून आलेले जड धातूही आहेत. त्याचप्रमाणे हा पक्षी घाणीवर जगतो म्हणून घाण राहू द्यावी, असा उलट निष्कर्ष काढणारेही भेटतात. त्यांना आम्ही कोळीवाड्याचा रस्ता दाखवू.

सरकारने २०१५ साली खाडीच्या एका भागास रोहित अभयारण्य म्हणून जाहीर केले. क्षेत्र १६९० हेक्टर. २०२२ साली ठाण्याची खाडी रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेली. ही कामे चांगली झाली, त्यांबद्दल वाद नाही. आमची अडचण सीमारेषेची आहे. अभयारण्याच्या १६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर खारफुटीचे जंगल आहे आणि ७९४ हेक्टर पाणी व चिखल. रोहित झाडीत बसत नाही. त्याच्या नावाच्या अभयारण्याचा निम्म्याहून अधिक भाग असा आहे की जेथे तो पाय ठेवणार नाही.

खारफुटीचाही यात एक मामला आहे. तिवराचे बी भरतीबरोबर वाहत येते, नव्या गाळावर रुजते, आणि रोप उभे राहिले की त्याच्या मुळांत आणखी गाळ अडकतो. असे होत होत तिवरांचे बन पुढे पुढे सरकते आणि मोकळा चिखल मागे हटतो. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत खाडीच्या वरच्या भागात हेच चालले आहे. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयानंतर, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि ओढे-खाड्या बुजविण्याची किंमत शहराने मोजली होती. मनाई योग्यच होती. तिवरे तोडा असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. पण न्यायालयाची व वनखात्याची रेषा स्थिर आहे आणि तिवर चालते आहे. कायद्याने राखलेले झाड, कायद्याने राखलेल्या पक्ष्याच्या ताटावर हळूहळू सरकते आहे. यावर तोडगा सोपा नाही, आणि तो आहे असे सांगणाऱ्याने आधी एक ओहोटी काठावर उभे राहून पाहावी.

याहून मोठा प्रश्न भरतीचा आहे, आणि तो पुष्कळ श्रोत्यांच्या लक्षात आलेला नसतो, कारण रोहित पाहावयास आपण नेहमी ओहोटीच्या सुमारास जातो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटर असतो. दिवसातून दोनदा हे पाणी सारा चिखल बुडवून टाकते. तेव्हा पक्षी जातात कोठे? ते उठतात आणि जवळच्या उथळ तळ्यांत, मिठागरांच्या कोंडीत, खाजणांत जाऊन उभे राहतात. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची पाणथळ, नेरुळ-सीवूड्सची तळी, उरणकडचे पाणजे, अशा या जागा. खाडी ओसरली की परत चिखलावर. म्हणजे रोहिताला दोन घरे लागतात, एक जेवणाचे आणि एक विसाव्याचे, आणि त्या दोहोंमध्ये तो रात्री-अपरात्रीही उडत असतो. अभयारण्याची रेषा आपण जेवणघराभोवती आखली. विसाव्याची बहुतेक घरे तिच्या बाहेर राहिली, आणि बाहेर राहिलेल्या प्रत्येक जागेला मुंबईत बाजारभाव असतो.

शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणाऱ्या सागरी पुलाचे काम २०१८ साली सुरू झाले व १२ जानेवारी २०२४ रोजी तो खुला झाला. त्या काळात शिवडीचे पुष्कळ थवे खाडीत आतल्या बाजूस सरकले. पुढे २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवरून उतरणाऱ्या एका विमानाची थव्याला धडक बसली आणि सुमारे चाळीस पक्षी घरांच्या गच्च्यांवर व रस्त्यांवर मरून पडले. त्याच वर्षी कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले. त्या जमिनी द्रुतगती मार्गाच्या अलीकडे आहेत, तेथे आता भरतीचे पाणी पोहोचत नाही, असे त्याचे समर्थन केले जाते. धारावीतील माणसांना घर मिळू नये असे कोण म्हणेल? परंतु समर्थनाचा हा प्रकार आम्हांला परिचित वाटतो. आधी रस्ता घालायचा, रस्त्याने पाणी अडले की जमीन कोरडी झाली म्हणायचे, आणि कोरडी झाली म्हणून तीवर बांधायचे. शीवच्या रस्त्यापासून हाच क्रम चालू आहे. कल्होड्यांनी सिंधूला बांध घातला तेव्हा त्यांनी निदान हे शत्रूचे पाणी आहे असे उघड म्हटले होते.

नेरुळला असाच एक तलाव आहे, तीसेक एकरांचा. नवी मुंबईच्या महापालिकेने आपल्या गावाला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणविण्यास सुरुवात केली त्याला काही वर्षे झाली. चौकाचौकांत रोहितांचे पुतळे उभे राहिले. ज्या नावावर कच्छच्या रणाचा हक्क, ते असे दक्षिणेस आले. त्या नगरीतील या तलावात खाडीचे पाणी जमिनीखालच्या नळांतून भरतीबरोबर येत असे. जवळच्या जेट्टीच्या कामात ती वाट बुजली. पाणी येईना, तळ सुकला, त्यावर शेवाळाची दाट साय चढली, आणि २०२४ च्या वसंतात तेथे व आसपास रोहित मरून पडू लागले. आसपासच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या, समिती नेमली गेली, आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने या तलावास संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. भरतीच्या वेळच्या घराला असा दर्जा देण्याचा निर्णय या किनाऱ्यावर नवा आहे. आता तेथे पाटी लागेल, कुंपण होईल, आणि ते व्हावेच. पक्षी मात्र पाटी वाचून उतरत नाही. ज्या भरतीला नळाचे तोंड मोकळे असेल आणि आत वीतभर पाणी चढेल, त्या भरतीला तो तेथे असेल. तोंड गाळाने भरले तर तो घिरटी घालून भांडुपकडे वळेल, आणि भांडुपलाही पाणी नसेल तर त्याच रात्री खंबायतच्या आखाताकडे.